गंगावेशीतला दूध कट्टा ओस पडू देऊ नका

संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलात की आधी वास येतो, वैरणीचा आणि ओल्या शेणाचा. मग म्हैस दिसते. पंढरपुरी असेल तर शिंगं तलवारीसारखी थेट खांद्यामागं गेलेली. शेजारून रिक्षा हॉर्न वाजवत जाते, तिचा कानही हलत नाही. गवळी उकिडवा बसतो, कासेवर पाणी मारतो, सडांवरून हात फिरवतो. क्षणभर काहीच होत नाही. मग पान्हा सुटतो आणि चरवीच्या तळावर पहिली धार वाजते. चरवी भरेल तसा तो आवाज मऊ होत जातो. पेला हातात येतो तेव्हा वर दोन बोटं फेस असतो आणि दूध म्हशीच्या अंगाइतकंच गरम.

वडील मला इथं बोट धरून आणायचे. ते ज्या गवळीमामांकडं दूध प्यायचे, त्यांच्या मुलाकडं आज मी जातो. मागं एकदा पेला घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं चरवी बाजूला ठेवली. "आज नको दादा, म्हशीला औषध चालू आहे. चार दिवसांनी या." दूध तिथंच होतं, गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि त्यानं सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. त्या दिवसापासून मला या कट्ट्याची खरी किंमत समजली. धार डोळ्यांसमोर निघते हे झालंच, पण जे डोळ्यांना दिसत नाही तेही इथं सांगितलं जातं, कारण उद्या पुन्हा त्याच माणसाला तोंड दाखवायचं असतं.

डोळ्यांसमोर धार काढून दूध पिणं आपल्याकडं उगीच रुजलेलं नाही. पंढरपुरी म्हैस माणसांच्या गर्दीत, दारात उभी राहूनही पान्हा सोडते, म्हणून गवळी तिला गल्लोगल्ली घेऊन फिरू शकले. त्यात तालमींचं गाव. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं आणि पैलवानांच्या खुराकात म्हशीच्या दुधाला मान मिळाला. 1963 मध्ये जिल्ह्याचा दूध संघ, आपला 'गोकुळ', सुरू झाला. त्यानं खेड्यापाड्यातल्या घरांना आधार दिला आणि तो हवाच. पण पिशवीला नाव विचारता येत नाही.

आता दावणी कमी होताहेत. पेठेतला गोठा मोडून तिथं इमारत उभी राहते, पेंड आणि वैरण महाग झाली आहे, गाड्यांच्या गर्दीत म्हैस आणायची कशी हा रोजचा प्रश्न आहे. गवळ्यांची पोरं म्हणतात, रात्रंदिवस राबायचं कुणासाठी? त्यांना उत्तर आपण द्यायचं आहे.

महानगरपालिकेनं कट्ट्यावर पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय करावी. धारेच्या वेळेपुरती तेवढी जागा वाहनांपासून मोकळी ठेवावी. रंकाळा तलावात जनावरं धुऊ नयेत हे योग्यच, पण मग म्हशी धुवायला दुसरी जागा द्यावी. आणि पशुवैद्यकांची नियमित तपासणी हवी. कच्च्या दुधातून आजार येऊ शकतात, हे लपवून कट्टा टिकणार नाही. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि आजारी माणसाला धारोष्ण दूध देऊ नका. त्यांच्यासाठी तेच दूध किटलीत न्या आणि उकळून द्या. गिऱ्हाईक तेवढंच वाढतं.

दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, गळ्यात माळा घातलेल्या म्हशी मिरवायला निघतात, तेव्हा तुम्ही पाहिलंच असेल. मालक मोटारसायकलवरून पुढं जातो आणि मागं ती एवढी थोरली म्हैस त्याच्या हाकेवर धावत सुटते. दाव्याशिवाय, काठीशिवाय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं शिट्ट्या मारतात. त्या एका दिवसाच्या शिट्ट्यांनी वर्षभराची वैरण येत नाही, मंडळी.

म्हणून आठवड्यातून दोनदा तरी या. दिवेलागणीच्या आधी या, पोरांना बरोबर आणा, किटली घरचीच आणा. गवळ्याला त्याचं नाव विचारा आणि म्हशीचंही. तिलाही नाव असतं.