मोबाइल आहे, मग हॅम कशाला?

‘मोबाइल शे ना भो, मंग हाई कसाले?’ धुळ्या-जळगावात कुणाच्या गच्चीवर लांबलचक तार ताणलेली दिसली की शेजाऱ्याचा हा प्रश्न ठरलेला. त्याच्या मनात वाकडं काही नसतं. पण आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा ठरवणाऱ्या माणसानं हाच प्रश्न विचारला, तर त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की, दोन्ही जिल्ह्यांच्या आराखड्यात परवानाधारक हॅमना नेमून दिलेलं काम हवं, आणि ते नदीला पाणी येण्याआधी नेमलेलं हवं.

हॅम म्हणजे हौसेनं रेडिओ केंद्र चालवणारा माणूस. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देतो, त्याची पडताळणी होते, मग त्याला परवाना आणि जगात दुसऱ्या कुणाचंही नसलेलं कॉल साइन मिळतं. भारतात बहुतेकांचं व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीनं सुरू होतं. या केंद्रावरून पैसे कमावायला कायद्यानं बंदी आहे.

आता मोबाइलचं बघू. फोन आपल्या हातात असला तरी त्याचा जीव टॉवरमध्ये असतो. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी जायची तो रस्ताच पाण्याखाली असतो. टॉवरला जोडणारी फायबरची केबल अनेक ठिकाणी पुलाच्या कडेनं जाते. पूल गेला की तीही जाते. समजा यातलं काहीच घडलं नाही, तरी सगळं गाव एकाच वेळी फोन लावायला लागतं आणि कुणाचाच लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईसारख्या शहरात माणसं हातात फोन असून घरच्यांशी बोलू शकली नव्हती. जे मुंबईत झालं ते चाळीसगावात होणार नाही, असं कोण म्हणेल?

आणि खानदेशाला पुराचं वावडं नाही. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा-पांझरेनं केलेल्या नासधुशीची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेनं धुळ्यातले पूल पाण्याखाली घातले. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्या चाळीसगावात शिरल्या, त्याच वेळी कन्नड घाटात दरड कोसळली आणि औरंगाबादकडचा रस्ता बंद झाला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तुटलेला घाट. अशा गावाला बाहेर निरोप पाठवायचा एकच मार्ग असावा आणि तोही टॉवरवर अवलंबून असावा, ही व्यवस्था मला मान्य नाही.

हॅमचं केंद्र किती सामानावर उभं राहतं ते एकदा जवळून पाहावं. वीसेक मीटर तांब्याची तार घ्यायची, मधोमध कापायची, दहा-दहा मीटरचे दोन हात करायचे. टोकांना नायलॉनची दोरी. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं समोरच्या कडुनिंबाला. मधून केबल खाली आणायची, सेटला लावायची, सेट जीपच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला. झालं केंद्र. सात मेगाहर्ट्झच्या आसपास बोललं आणि तार फार उंच नसली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत सगळीकडे उतरतात. मध्ये सातमाळा असो की सातपुडा, त्यांना अडचण नसते. टॉवर नाही, केबल नाही, कुणाचं बिल नाही. रात्री मात्र जवळच्या अंतरासाठी सात मेगाहर्ट्झ बऱ्याचदा दगा देतं. मग साडेतीनवर उतरावं लागतं आणि तार दुप्पट लांब लागते. म्हणूनच सराव आधीच झालेला असला पाहिजे. हातात मावणारा पाच वॉटचा सेट वेगळा. तो नजरेच्या टप्प्यातच चालतो. चोपड्याहून जळगाव गाठायचं तर उंचावर, ऐकलेलं पुढे पाठवणारा रिपीटर लागतो. हे न सांगता हॅमची नुसती स्तुती करणारे त्याचं नुकसानच करतात.

‘हे तर हौशी लोक, ऐन वेळी गोंधळ घालतील,’ असाही एक आक्षेप आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांची तुकडी अंदमानला गेली होती ती निव्वळ हौसेसाठी, कारण तिथून बोलायला मिळणं जगभरच्या हॅमना दुर्मीळ वाटतं. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला तेव्हा त्याच सेटवरून, त्याच माणसांनी मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण सुरू केली. हौस नसती तर तो सेट त्या दिवशी पोर्ट ब्लेअरला नसताच. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातही हॅम धावून गेले होते आणि २००१ च्या भूजच्या भूकंपातही.

गोंधळाचं म्हणाल, तर आपत्तीतलं हॅमचं बोलणं जितकं शिस्तीचं असतं तितकं फार थोडं काही असतं. एक केंद्र सगळं चालवतं. त्यानं नाव घेतल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. निरोप आधी कागदावर लिहायचा: कुणाकडून, कुणाला, किती वाजता, शब्द किती. घेणारा तो जसाच्या तसा परत वाचून दाखवतो. खरखरीत ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांची गल्लत होते, म्हणून माणसं किती अडकली ते ‘एक-पाच’ असं सुटं सांगायचं. व्हॉट्सॲपवर धरण फुटल्याच्या अफवा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या शिस्तीची किंमत वेगळी सांगायला नको.

पोलिसांचं बिनतारी जाळं आहे, हे खरं, आणि ते उत्तम आहे. पण ते पोलिसांच्या कामासाठी आहे. पुराच्या रात्री त्यावर बंदोबस्ताचेच निरोप इतके असतात की, निवारा केंद्रातल्या शाळेत किती भाकरी लागतील, कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस संपली, हे कुठून सांगायचं? ते काम हॅमचं. शिवाय तापीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. हतनूरचे ४१ दरवाजे जळगाव जिल्ह्यात उघडतात आणि पाणी पुढे शिरपूर-शिंदखेड्याकडे जातं. धरणातून किती पाणी सोडलं हे जाहीर करणं जलसंपदा विभागाचंच काम, त्यात हॅमनं पडू नये. पण नदीकाठच्या गावात ते ऐकलं गेलं का, माणसं वर सरकली का, हे उलट दिशेनं कळवायला त्याच्याइतका सोयीचा माणूस नाही.

सॅटेलाइट फोनचं नावही निघतं. तो कलेक्टरांकडे असावाच. सरकारी परवानगीशिवाय तो सामान्य माणसाला बाळगता येत नाही, त्यामुळे गावोगाव तो मिळणार नाही. आणि दोन माणसांपलीकडे तिसऱ्याला त्यातलं काही ऐकू येत नाही. हॅमचा एक निरोप दहा केंद्रं एकाच वेळी ऐकतात.

सुरक्षेची भीती घालणाऱ्यांना मी नियम वाचायला सांगेन. हॅमला सांकेतिक, गुप्त भाषेत बोलायला मनाई आहे. त्याचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. काय बोललो याची वही त्याला ठेवावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये, ब्रिटिश सरकारनं हॅमचे परवाने काढून घेतले होते. परक्या सरकारला स्वतःच्या प्रजेची भीती वाटली, ते समजू शकतं. स्वतंत्र भारताच्या १९७८ च्या नियमांनी मात्र नेहमीची दळणवळण यंत्रणा बंद पडली तर भूकंप, पूर, वादळ यांबाबतचे इतरांचे निरोपही हॅमला नेता येतील असं ठरवलं, आणि ज्यांचे निरोप न्यायचे त्या अधिकाऱ्यांत जिल्हाधिकाऱ्याचा स्पष्ट उल्लेख केला. इस्रोनं तर ५ मे २००५ ला हॅमसाठी ‘हॅमसॅट’ नावाचा उपग्रहच सोडला. तो जवळपास दशकभर चालला. केंद्र सरकारचा एवढा विश्वास असताना जिल्ह्यानं कचरण्याचं कारण उरत नाही.

‘तुमच्याकडे माणसंच किती?’ हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. हॅम पुराच्या दिवशी तयार होत नाही. पण परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स कोडही लागत नाही. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, फैजपूरचं, शिरपूरचं, धुळ्याचं ही महाविद्यालयं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. तिथल्या मुलांनी एक तार स्वतः कापावी, मोजावी, ताणावी आणि तीनशे किलोमीटरवरचा आवाज ऐकावा. पुस्तकातल्या अँटेनाच्या प्रकरणाला अर्थ येईल आणि तालुक्याला माणूस मिळेल. दरवर्षी दहा जणांनी परवाना घेतला तरी पाच वर्षांत खानदेशात नदीकाठच्या प्रत्येक तालुक्याला एक केंद्र उभं राहू शकतं.

म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे. मान्सूनपूर्व बैठकीला परवानाधारक हॅमना बोलवा. कुणी कोणत्या तहसील कचेरीत बसायचं, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, हे त्याच दिवशी लिहून घ्या. मे महिन्यात एक रात्र ठरवा, मोबाइल बाजूला ठेवा आणि चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, साक्री इथून जिल्ह्याच्या ठिकाणी निरोप पोचतो का ते प्रत्यक्ष पाहा. पोचला नाही, तर दुरुस्तीला जूनपर्यंत वेळ आहे.