कापणी यंत्राची खरी परीक्षा

दोन कंबाइन हार्वेस्टरांची तुलना करायला सांगितली तर तुम्ही आधी काय पाहाल? अश्वशक्ती किती, कापणीची रुंदी किती, तासाला किती क्षेत्र उरकते, हेच ना? जाहिरातींतही हेच आकडे ठळक असतात. माझ्या मते ही तुलना अपुरी आहे. शेतात किती दाणे सांडले, हा आकडा सर्वांत आधी विचारला पाहिजे.

कापणी, मळणी आणि उफणणी एकाच फेरीत करणारे हे यंत्र. अमेरिकेत हिराम मूर याने १८३६ साली त्याचे पेटंट घेतले. भारतात पंजाब ट्रॅक्टर्सने 'स्वराज ८१००' हे देशी बनावटीचे यंत्र १९८० साली आणले. पंजाबच्या सपाट, विस्तीर्ण शेतांत असे यंत्र शोभते. आपल्या वसईच्या पूर्वपट्ट्यात, पारोळ-भाताण्याकडे, भाताची खाचरे लहान आणि बांधांनी तोडलेली. तेथे गणित बदलते.

समजा, यंत्राची रुंदी ४ मीटर आणि वेग ताशी ३ किलोमीटर आहे. कागदावर ते तासाला १.२ हेक्टर कापील. आता ४० मीटर लांब व २८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ११ गुंठ्यांचे खाचर घ्या. ७ फेऱ्या, प्रत्येकी ४८ सेकंद. वळणे ६, प्रत्येकी ३० सेकंद धरू. एकूण ५१६ सेकंदांपैकी १८० सेकंद नुसते वळण्यात गेले! प्रत्यक्ष काम तासाला ०.७८ हेक्टरच. बांध ओलांडण्याचा वेळ वेगळाच.

आता यंत्राच्या पोटात पाहू. ६० सेंटिमीटर व्यासाचा मळणीचा ड्रम मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून फेरे २० टक्क्यांनी वाढवले, तर ड्रमच्या दांड्यांची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. दाण्याला तडा जातो आणि गिरणीत त्याची कणी होते. फेरे कमी केले, तर दाणे लोंबीलाच राहतात. यंत्र पुढे फार वेगाने हाकले, तर चाळणीवर पेंढ्याचा थर जाड होतो आणि दाणे पेंढ्याबरोबरच बाहेर पडतात.

पेंढ्याचाही विचार हवा. काही यंत्रांत अख्खे ताट मळणीत जाते. जपानी पद्धतीच्या काही यंत्रांत फक्त लोंब्या आत जातात व पेंढा अखंड राहतो. घरी दुभते जनावर असेल, तर हा फरक मोठा.

परतीच्या पावसाने खाचर ओले असेल, तर चाके रुततात. रणगाड्यासारखे रबरी पट्ट्यांवर चालणारे ३००० किलोचे यंत्र १.२ चौरस मीटरवर टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरला फक्त पाव किलो भार येतो. उभ्या माणसाच्या तळव्याखालीही साधारण एवढाच असतो!

आता तुमच्यासाठी प्रयोग. काठ्यांची १ मीटर बाजूची चौकट करा. कापणीनंतर ती चार-पाच ठिकाणी ठेवून, पेंढा झटकून, भरलेले दाणे मोजा. उभ्या पिकात आधीच गळलेले दाणे तसेच मोजून वजा करा. १००० दाण्यांचे वजन २५ ग्रॅम धरले, तर चौकटीतले ४०० दाणे म्हणजे १० ग्रॅम. हेक्टरी १०० किलो, गुंठ्याला सुमारे १ किलो भात मातीत गेले!

भाडे क्षेत्रावर ठरले की चालक घाई करतो. तासावर ठरले की शेतकरीच त्याला घाई करायला लावतो. दोन्हींत दाणे सांडतात. म्हणून यंत्र ठरवतानाच किती सांडलेले चालेल, हेही ठरवावे आणि पहिल्या खाचरात ते मोजून मगच पुढे जावे. शिक्षकांनी येत्या कापणीला हा प्रयोग जरूर करून घ्यावा. चौकट, काटा आणि वही यांपलीकडे त्याला काही लागत नाही.