तिसऱ्या स्थानकावरची यात्रा

भाईंदरहून विरारकडे जाणाऱ्या लोकलने नायगाव, वसई रोड आणि मग नालासोपारा, असे तिसरेच स्थानक. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला जाताना आपण या बाजूने कितीदा तरी गेलो असू. परंतु दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवासाविषयीच कोरलेल्या एका लेखाचा तुकडा याच सोपाऱ्यात सापडला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

१८८२ मध्ये जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. सम्राट खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाचे वाचन करून जैन इतिहासाला ज्यांनी ऋणी केले, तेच हे भगवानलाल. टेकाडाखाली बौद्ध स्तूप निघाला, त्यात दगडी पेटी व करंडक मिळाले; आणि त्याच वर्षी गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती आला. त्यावर अक्षरे मोजकीच आहेत. पण गिरनारच्या वाटेवरील शिळेवर हा लेख विस्ताराने असल्यामुळे त्याचा आशय कळतो.

अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि तेथे शिकार व तत्सम करमणूक चाले. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मसंवाद, एवढाच त्यांचा कार्यक्रम. यातला आनंद त्याला आधीच्या सुखांहून अधिक वाटला. ज्या ‘विहार’ शब्दाने त्या काळी राजाची करमणूक सुचवली जाई, तोच आज आपल्या घरात साधू-साध्वींच्या पदयात्रेसाठी वापरला जातो, हेही पाहण्याजोगे आहे.

सम्राटाने प्रवासाचा हेतू स्वतः ठरवला आणि प्रवासाचे रूप पालटले. आपल्या बहुतेक सहली मात्र दुसऱ्यानेच आखलेल्या असतात. कुठे उतरायचे, किती मिनिटे पाहायचे, छायाचित्र कुठे काढायचे, सारे आधीच ठरलेले. संघयात्रेतील सहवासाचे मोल मोठेच आहे. तिच्या जागी काही यावे असे मुळीच नाही. पण ज्या घरात सर्वांचे डबे, औषधे आणि वेळा आई सांभाळते, त्या घरातील आईने आजवर एकदा तरी स्वतःच्या मनाने एखादे ठिकाण निवडले आहे का? चाळीस वर्षे संसार केलेल्या किती भगिनी एकट्याने तिकीट काढून, अनोळखी स्थानकावर उतरून, वाट विचारत गेल्या आहेत? ही सवय नसली, की उतारवयात साधे बाहेर पडणेही इतरांच्या सवडीवर अवलंबून राहते.

आरंभ जवळूनच करावा. सकाळची गर्दी चर्चगेटकडे धावत असते. उलट दिशेच्या गाडीत बहुधा खिडकी मिळते. गाडी वसईच्या खाडीवर आली, की पाणी आणि मधले पाणजू बेट दिसते. सोपाऱ्याला पश्चिमेस उतरावे, रिक्षा करावी, स्तूपापाशी निवांत बसावे. जवळपासच्या एखाद्या वृद्धाशी बोलावे. गावाचे जे पुस्तकात नाही, ते तेथे ऐकायला मिळते. घरचा डबा, गाळलेले पाणी आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवणे, एवढी तयारी पुरे. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चोविहारही सहज साधतो. खर्च रेल्वेच्या तिकिटाचा आणि रिक्षाचा.

वाचकहो, येत्या रविवारी घरातल्या आईला, आजीला किंवा निवृत्त वडिलांना एवढेच विचारा, “तुम्हाला कुठे जावेसे वाटते?” उत्तर लगेच येणार नाही, कारण हा प्रश्न त्यांना फारसा कुणी विचारलेला नसतो. थोडे थांबा. उत्तर आले, की बरोबर जाण्याचा आग्रह धरू नका. स्थानकापर्यंत सोडायला मात्र अवश्य जा.