विश्लेषण : फोटोतली सुरी आणि हातातली सुरी वेगळी का दिसते?

कर्वेनगरमधल्या फ्लॅटमध्ये बसून हाताने घडवलेली सुरी मोबाइलवरून मागवणे आता काही मिनिटांचे काम आहे. पण फोटोत आरशासारखे लखलखणारे पाते पार्सल उघडल्यावर करडे आणि ठोक्यांच्या खुणा असलेले निघाले, तर ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते आणि सुरी परत जाते. अनेकदा सुरीत दोष नसतोच, तो फोटोत असतो. हा फरक पडतो कुठे आणि एडिटिंगची मर्यादा कोणती?

पात्याचा फोटो काढणे अवघड का?

घासलेले पोलाद जवळजवळ आरशासारखे वागते. त्यामुळे फोटोत पात्यासोबत ट्यूबलाइट, छत आणि फोन धरलेला हातही उमटतो. फ्लॅश वापरला की पात्यावर पांढरा डाग पडतो. ती चमक पाहून फोन आपोआप प्रकाश कमी करतो आणि उरलेले पाते काळवंडते. काच किंवा पाण्यावरची चमक घालवणारा पोलरायझर फिल्टरही उघड्या धातूवर फारसा उपयोगी पडत नाही.

घरच्या घरी चांगला फोटो कसा काढता येतो?

त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. खिडकीवर पांढरा पातळ पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावायचा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करायचा. घरातले दिवे बंद ठेवायचे, नाहीतर पिवळा आणि निळसर प्रकाश एकमेकांत मिसळून धातूचा रंग बदलतो. काळा पुठ्ठा पात्याजवळ धरला की त्याची गडद रेघ पात्यात उमटते आणि धार उठून दिसते. फोन अगदी जवळ नेल्यास पुढची मूठ फुगलेली दिसते. म्हणून थोडे मागे सरून दुप्पट झूम वापरणे चांगले. फोटोआधी बोटांचे ठसे पुसायला विसरू नये.

एडिटिंगमध्ये बिघडते काय?

रस्त्याकडेला भाता लावून बसणारे लोहार-घिसाडी अनेकदा ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून, ठोकून पाते घडवतात. हातोडीच्या खुणा, धारेपासून वरचा काळसर भाग, दोन सुऱ्यांमधला उन्नीस-बीस फरक ही त्या कामाची ओळख. मोबाइलमधले ‘ब्युटी’ किंवा ‘एन्हान्स’ बटण याच खुणांना डाग समजून पुसून टाकते. ‘शार्पन’ जास्त केले की धारेभोवती पांढरी कड येते आणि बोथट पातेही धारदार वाटते.

उलटा प्रकारही होतो. आम्लात बुडवून पोलादाच्या थरांची नक्षी उघड केलेल्या पात्याला ‘दमास्कस’ म्हणतात. साध्या पात्यावर लेझरने तशीच नक्षी कोरता येते आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. यात नुकसान खऱ्या कारागिराचे होते. त्याची मेहनत आणि यंत्राची नक्कल एकाच रांगेत बसतात आणि स्वस्त असेल ते विकले जाते.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असली पाहिजे. जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मापही महत्त्वाचे आहे. पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले चाकू शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. कोयता गँगच्या बातम्यांनी धास्तावलेल्या पुण्यात तर पात्याचा फोटो हवेत उगारलेल्या हातात नव्हे, भाजीच्या पाटावरच शोभतो. शेजारी मोजपट्टी ठेवली की मापाचा प्रश्न राहत नाही.

मग रेघ कुठे ओढायची?

कसोटी सोपी आहे. कॅमेऱ्याची चूक सुधारावी, कारागिराचे काम सुधारू नये. रंगाचा समतोल साधणे, उजेड ठीक करणे, पार्श्वभूमीवरची धूळ पुसणे योग्य आहे. पात्यावरची खूण पुसणे, नसलेली नक्षी ठळक करणे, मूठ दुसऱ्या रंगाची करणे ही फसवणूकच. कांदा, लिंबू कापल्यावर हाय कार्बन पोलाद काळसर पडते, हेही फोटोखाली लिहायला हवे. सोबत एक फोटो कसलेही एडिटिंग न करता टाकावा.

ग्राहकानेही मागवण्यापूर्वी असा फोटो मागून घ्यावा. हाताने घडवलेल्या वस्तूसाठी जास्त पैसे मोजायचे आणि त्यावरच्या हाताच्या खुणांना नाक मुरडायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. या खुणा लपवल्या गेल्या, तर कारखान्याच्या सुरीपेक्षा जास्त दाम मागायला लोहाराकडे कारणच उरणार नाही.