नाका कुणाच्या दारात?

फराळाचे ताट पुढे ओढून आमचे एक स्नेही मोठ्या खुशीत म्हणाले, "मास्तर, इंग्रजाची बरी खोड मोडली! आमच्या पोटावरून रेघ ओढून गेला, आता आयर्लंडातली रेघ त्याच्याच गळ्याशी आली." एवढे बोलून त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. चकली चांगली होती. विचार मात्र मला मुळीच पटला नाही.

रेघ ओढणाऱ्याला ती कधी काचत नसते. आपली रेघ आखणारे रॅडक्लिफसाहेब १९४७ पूर्वी कधी हिंदुस्थानात आलेले नव्हते. पाचेक आठवड्यांत काम उरकून ते विलायतेस परतले. आयर्लंडची फाळणी त्याच्याही आधीची, १९२१ ची. सुमारे पाचशे किलोमीटरची ती हद्द शेतांतून, ओढ्यांवरून आणि क्वचित एखाद्याच्या घरामधूनही जाते. १९२३ साली तिच्यावर जकातीचे नाके बसले. पुढे १९६९ नंतरच्या तीस वर्षांच्या रक्तपातात साडेतीन हजारांवर माणसे गेली. हद्दीवर लष्कराचे मनोरे उभे राहिले, आडवाटेचे रस्ते खणून बंद झाले. यात लंडनच्या गळ्याशी काय आले? आले ते तिथल्या गवळ्याच्या, शेतकऱ्याच्या.

ही आग निवली कशी? १९७३ साली ब्रिटन आणि आयर्लंड दोघेही युरोपच्या बाजारसंघात गेले. १९९३ पासून जकातीची तपासणी थांबली आणि १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बंदुका खाली आल्या. करार कागदावर होतो हे खरे; पण साध्या माणसाला शांतता समजते ती गाडी कुठे न थांबता पलीकडे गेली म्हणजे. मुंबईच्या वेशीवरच्या जकातनाक्यांपाशी ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, आणि २०१७ साली जीएसटी आल्यावर ते नाके उठलेलेही पाहिले, त्यांना हे निराळे सांगायला नको. आज उत्तर आयर्लंडातले जवळजवळ एक तृतीयांश दूध हद्द ओलांडून दक्षिणेकडच्या डेअऱ्यांत जाते.

२०१६ साली ब्रिटनमध्ये शंभरांत बावन्न मते संघ सोडण्याच्या बाजूने पडली. उत्तर आयर्लंडात शंभरांत छप्पन्न मते राहण्याच्या बाजूची होती, पण ती मोजणीत बुडाली. घर सोडण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, त्याबद्दल माझे भांडण नाही. भांडण आहे ते थापेबद्दल. दोन बाजूंना जकात निराळी, मालाचे नियम निराळे, म्हणजे माल कुठेतरी तपासावा लागणारच. हे माझ्या वर्गातल्या पोरालाही कळते. परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांना मात्र २०१८ साली या हद्दीला लंडनमधल्या कॅम्डेन आणि वेस्टमिन्स्टर या दोन भागांच्या हद्दीची उपमा सुचली! त्याच वर्षी उत्तर आयर्लंडच्या मंत्री कॅरन ब्रॅडली यांनी कबूल केले, की हे पद घेण्यापूर्वी तिथले राष्ट्रवादी लोक युनियनवादी पक्षांना मते देत नाहीत, हेही आपल्याला ठाऊक नव्हते. आमच्या शाळेत असा मास्तर आठवडाभर टिकला नसता.

शेवटी काय झाले? नाका जमिनीवरून उचलून समुद्रात मांडला. इंग्लंडातून बेलफास्टला जाणारे सॉसेजसुद्धा वादाचा विषय झाले. स्वतःला पक्के ब्रिटिश म्हणवणारे युनियनवादी बिथरले, आणि त्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. आपल्याच देशातून आलेल्या मालाला कागद दाखवावे लागले तर कोण चिडणार नाही? २०२३ साली विंडसरचा नवा समझोता झाला, तरी त्यांच्या मोठ्या पक्षाच्या रुसव्यापायी तिथले सरकार २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षे ठप्प होते.

माझ्यासारख्या कादंबरीकाराला लाज वाटावी, इतक्या आधी हे सारे एकाने लिहून ठेवले आहे. स्पाइक मिलिगन हा विनोदी लेखक १९१८ साली आपल्या अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) जन्मला. त्याच्या १९६३ च्या 'पकून' या कादंबरीत आयरिश गावातून हद्द जाते. चर्च एका देशात, कबरस्तान दुसऱ्या! वाचताना हसून पोट दुखते, आणि मग माझी मावशी आठवते. ती बेळगावाकडे दिलेली. १९५६ पासून तिच्या गावची रेघ वादात आहे. तिथे नाका नाही, लष्कर नाही. तरी सभा-मोर्च्याचे दिवस आले की एसटी बंद पडते आणि मावशीचे भाऊबीजेला माहेरी येणे राहते.

हे सारे ऐकून स्नेही म्हणाले, "म्हणजे तुम्ही इंग्रजाची बाजू घेता!" मी म्हटले, "नाही हो, दुधाच्या टँकरवाल्याची घेतो." डिसेंबर २०२४ मध्ये बेलफास्टच्या विधानसभेने समुद्रातला नाका आणखी चार वर्षे ठेवण्यास बहुमताने संमती दिली. युनियनवाद्यांनी विरोधात मते दिली. २०२८ साली पुन्हा हाच प्रश्न यायचा आहे.