‘मोक्का लावा’ म्हणण्याआधी कलम वाचा



बियाणे उगवले नाही की घोषणा ठरलेली : ‘बोगसवाल्यांना मोक्का लावा!’ पुढारी माना डोलावतात आणि दुबार पेरणी आपण आपल्या पदरच्या पैशाने करतो. नवीन जालना ही बियाण्यांची पेठ. निदान इथे तरी हा शब्द समजून वापरावा.

1999 च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात ‘संघटित गुन्हा’ म्हणजे नुसती मोठी लूट नव्हे. दोघांची किंवा अधिकांची टोळी हवी. हिंसा, धाक किंवा इतर बेकायदा मार्गाने लाभ उकळण्याचा हेतू हवा. गुन्हा तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा हवा. शिवाय मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन कोर्टाने त्यांची दखल घेतलेली हवी.

आता हिशेब मांडा. 1966 च्या बियाणे कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला 500 रुपयांपर्यंत! पुन्हा सापडला तर फार तर सहा महिने कैद. या मापाने मोक्का जन्मात लागणार नाही. फसवणुकीचे कलम किंवा जीवनावश्यक वस्तू कायदा लावला तरच तीन वर्षांची हद्द गाठते. त्यासाठी वेळेत नमुना, पंचनामा, आरोपपत्र लागते. तेच नसेल तर मोक्का कुठून येणार?

आणि आला तरी कधी? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून 9 डिसेंबर 2024 चा. मोक्का लागला जानेवारी 2025 मध्ये. माणूस गेल्यावर!

दुसरी बाजूही बघा. कायद्यात ‘आर्थिक किंवा अन्य लाभ’ असे शब्द आहेत. ‘अन्य’ म्हणजे काय, हे आधी पोलीस ठरवणार. रास्ता रोकोत एस.टी.ची काच फुटली तर 1984 च्या सार्वजनिक मालमत्ता कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशी दोन आरोपपत्रे झाली की अर्धी अट पुरी. मग आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत, जामीन महाकठीण, पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाबही पुरावा. ‘संघटित’ आपणही आहोत, हे विसरू नका.

म्हणून बैठकीत ठराव मोक्क्याचा नको. तक्रार येताच नमुना, मुदतीत आरोपपत्र आणि पेरणीच्या खर्चासह भरपाई, एवढे मागा. सरकारच्या हाती तलवार देऊन शेतकऱ्याचे पीक उगवत नाही.