हात वर केलात, आता कारणही सांगा!



गेल्या महिन्यात नाशिकमधल्या आमच्या वस्तीत जयंतीची बैठक होती. एका मुलीने प्रस्ताव मांडला : यंदा डीजेचा खर्च निम्मा करू आणि उरलेल्या पैशांतून अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊ. अध्यक्षांनी विचारलं, "विरोधात कोण?" पंधरा-वीस हात वर गेले. ती म्हणाली, "का, ते तरी सांगा." कुणी तोंड उघडलं नाही. "बहुमत झालं, पुढचा विषय."

त्या हातांत माझाही एक हात होता. त्या दिवसापासून ती बैठकीला आलेली नाही.

माझ्याकडे कारण होतं. मिरवणूक साधी केली तर पोरं वर्गणी देणार नाहीत, अशी मला भीती होती. पण ते मी मनातच ठेवलं. सांगितलं असतं तर कदाचित तिने ते खोडून काढलं असतं. खरं तर म्हणूनच सांगितलं नाही.

मित्रांनो, कारण न देता नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. याच नाशिकमध्ये 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. उत्तर म्हणून समोरच्यांनी दरवाजे बंद करून घेतले. बंद दरवाजाशी वाद घालता येत नाही. पुढे 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

उलट महाडचं पाहा. चवदार तळ्याचा वाद कोर्टात गेला. तिथे सवर्णांना कारण सांगावंच लागलं. ते म्हणाले, अनादी काळापासूनची रूढी आहे. कोर्ट म्हणालं, सिद्ध करा. ते सिद्ध झालं नाही आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. कारण उघड्यावर आलं की ते तपासता येतं, आणि तपासलं की खोटं कारण टिकत नाही.

आजही राखीव जागेच्या मुलाखतीनंतर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' एवढाच शेरा येतो, अशी तक्रार आपण करतो. काय कमी पडलं? कोणत्या निकषावर? उमेदवार अपील करणार तरी कशावर? माहिती अधिकार कायदा, 2005 चं कलम 4 म्हणतं, प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ बसलेल्या व्यक्तीला द्या. हे कलम दाखवून आपण साहेबांकडे कारण मागतो. मग आपल्याच बैठकीत आपल्याच मुलीला ते का देत नाही?

कुणी म्हणेल, मग गुप्त मतदानाचं काय? तिथे कुठे कारण देतो? बरोबर. निवडणुकीत मत गुप्त ठेवतात ते दुबळ्याला दबावापासून वाचवण्यासाठी. आमच्या बैठकीत दुबळं कोण होतं? एकटी उभी असलेली ती, की हात वर केलेले आम्ही? शिव्या घालायला आलेल्याला उत्तर देऊ नका, हरकत नाही. पण विचार करून बोलणाऱ्याला गप्प राहून पाडणं हा भित्रेपणा आहे.

बाबासाहेबांनी विरोधकाशी कसं वागून दाखवलं? 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' वर गांधीजींनी 'हरिजन' मध्ये टीका केली. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका स्वतःच्या पुस्तकात छापली आणि शेजारी आपलं उत्तर दिलं. ज्याला आपल्या मुद्द्यावर विश्वास असतो, तो समोरच्याचाही मुद्दा वाचकापुढे ठेवतो.

म्हणून पुढच्या बैठकीत मी एक नियम मांडणार आहे. प्रस्ताव फेटाळायचा असेल तर विरोध करणाऱ्यांपैकी किमान एकाने उभं राहून कारण सांगायचं, ते इतिवृत्तात लिहायचं आणि मांडणाऱ्याला उत्तराची संधी द्यायची. यात फार तर पाच मिनिटं जातील. डीजेवर तर आपण अख्खी रात्र घालवतो.

त्याआधी मी तिच्या घरी जाणार आहे. माझं कारण सांगेन, तिचं उत्तर ऐकेन. पटलं तर पुढच्या वेळी माझा हात तिच्या बाजूने वर जाईल.

जय भीम!